पाणी कुठे मुरते?

12 एप्रिल 2016 रोजी पहाटे मिरजेहून आलेली एक मालगाडी लातूरच्या स्थानकात थांबली. तिला दहा टाक्या जोडलेल्या होत्या आणि टाक्यांत कृष्णेचे पाच लाख लिटर पाणी होते. टाक्या एरवी तेल वाहणाऱ्या, म्हणून राजस्थानातल्या कोटा येथील कार्यशाळेत आधी वाफेने धुऊन घेतलेल्या. पुढे ‘जलदूत’ नावाने ही गाडी पन्नास टाक्यांची झाली आणि एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर पाणी आणू लागली. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदीचे 144 कलम लावावे लागले होते. हे सगळे का घडले, असे तेव्हा कुणालाही विचारले असते तरी उत्तर एकच मिळाले असते: पाऊसच पडला नाही. आणि ते खोटे नव्हते. 2014 आणि 2015 या दोन्ही पावसाळ्यांत मराठवाड्यात सरासरीपेक्षा सुमारे 40 टक्के कमी पाऊस झाला होता.

तरीही काही गोष्टी या उत्तरात बसत नाहीत. लातूरचा सरासरी पाऊस साधारण 800 मिलिमीटर. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला याच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथे टँकर लागत नाही. शिवाय ज्या हंगामात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच हंगामात मराठवाड्यातल्या साखर कारखान्यांनी ऊस गाळला. 2016च्या सप्टेंबरात धो धो पाऊस झाला, लातूरला पाणी देणारे मांजरा धरण भरले, आणि तीन वर्षांनी, 2019 मध्ये, गणेश विसर्जनालाही पाणी नाही अशी वेळ शहरावर पुन्हा आली. पाऊस हे कारण खरे. पण ते सगळे कारण आहे का, हा प्रश्न उरतोच. एखादे खरे कारण सबब कसे होते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

खरे बोलून टाळणे

सबब म्हणजे खोटे बोलणे, असा आपला समज असतो. शाळेत न जाण्यासाठी पोट दुखते म्हणणाऱ्या पोरापुरता तो ठीक आहे. मोठ्या माणसांच्या सबबी बहुतेक वेळा खऱ्या असतात, आणि म्हणूनच त्या टिकतात. कोणत्याही घटनेमागे पाच-सात कारणे असतात. त्यातली काही आपल्या हातात नसतात, काही थोडीफार असतात. सबब सांगणारा त्यांतले हाताबाहेरचे एक खरे कारण उचलतो, सर्वांपुढे मांडतो आणि तिथेच थांबतो. त्याला खोडून काढता येत नाही, कारण तो चूक बोललेला नसतो. जे सांगायचे राहिले, त्यात खरी मेख असते.

माणसाचे मन ही निवड फार कष्टाने करते असेही नाही. यश मिळाले की श्रेय स्वतःकडे आणि अपयश आले की कारण बाहेर, हा कल मानसशास्त्रज्ञांनी अनेक प्रयोगांत नोंदवला आहे. ऊस एकरी चांगला उतरला तर ती मेहनत आणि खताचे नियोजन. वाळला तर निसर्गाचा कोप. धरण भरले की जलपूजनाला ओटी घेऊन पुढारी हजर. आटले की त्या धरणाशी कुणाचाच संबंध नसतो. 1957 मध्ये ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी गुन्ह्यांकडे वळलेल्या तरुणांचा विचार करताना एक गोष्ट दाखवली. या मुलांना बरे-वाईट कळत नव्हते असे नाही. नियम मान्य ठेवूनच स्वतःपुरती सूट काढण्याच्या ठराविक युक्त्या त्यांच्याकडे होत्या. माझ्या हातात काही नव्हते. कुणाचे फारसे बिघडले नाही. जे बोट दाखवतात तेच आधी काय करतात ते बघा. आपल्या माणसांसाठी करावे लागले. मराठवाड्यातल्या कुठल्याही पारावर पाण्याचा विषय काढा, यातल्या बहुतेक युक्त्या ऐकायला मिळतील: ‘सगळेच बोअर घेतात’, ‘माझ्या एका बोअरने काय फरक पडतो’, ‘आधी कारखाने बंद करा, मग आम्हाला सांगा’, ‘पोरांच्या शिक्षणाला पैसा कुठून आणायचा’. यातले एकही वाक्य सरळसरळ खोटे नाही.

जमिनीखाली काय चालते

आता ‘माझ्या एका बोअरने काय फरक पडतो’ हे वाक्य तपासायचे तर जमिनीखाली उतरावे लागते. लातूर जिल्हा आणि नांदेडचा मोठा भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे लाव्हाच्या थरांपासून झालेल्या बेसॉल्टवर बसलेला आहे. वर माती, तिच्याखाली झिजलेला खडक आणि मुरूम, आणि त्याखाली घट्ट पाषाण. पावसाचे पाणी मुख्यतः वरच्या पन्नास-साठ फुटांतल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठते. नदीकाठच्या वाळूत पाण्याला भरपूर जागा असते; या खडकात मात्र शंभर घनमीटर आकारमानातून एक ते तीन घनमीटर पाणीच उपसून मिळते. त्यामुळे दोन चांगल्या पावसांत विहिरी तुडुंब होतात आणि चार महिने मोटारी चालल्या की खडखडाटही तितक्याच लवकर होतो.

घट्ट पाषाणात पाणी असते ते सापडल्या भेगेत. सहाशे किंवा आठशे फूट बोअर मारला, नशिबाने भेग लागली आणि पाणी आले, की मालकाला वाटते खाली नवा साठा सापडला. बहुतेक वेळा तसे नसते. त्या भेगेतले पाणी वरच्याच थरातून झिरपत, किंवा फार सावकाश, वर्षानुवर्षांत तिथे पोहोचलेले असते. ते उपसले की आसपासचे पाणी तिकडे ओढले जाते, आणि शेजारच्या पन्नास फुटी विहिरीची पातळी खाली जाते. मग तो शेजारी पाणाड्याला बोलावतो, नारळ फिरवून घेतो आणि स्वतःचा बोअर मारतो, शंभर फूट जास्त खोल. प्रत्येकाचा निर्णय त्याच्या बांधापुरता शहाणपणाचाच असतो. चुकते ती बेरीज.

एकत्र कुटुंबात अंधाऱ्या खोलीत धान्याची एकच कणगी असावी, प्रत्येक सुनेने आपापल्या चुलीसाठी हात घालून पायलीभर काढावे, आणि तळ किती राहिला हे कुणालाच दिसू नये, तसा हा कारभार. कणगी रिकामी झाल्यावर कुणी किती काढले हे सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकीला आपण कमीच काढले असे मनापासून वाटते. भूजलाची सगळी गंमत, आणि सगळा धोका, या न दिसण्यात आहे. कालव्याचे पाणी कुणी रात्री चोरून वळवले तर सकाळी गावभर बोभाटा होतो. बोअरमधून शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी गेले तर ते नेणाऱ्यालाही ठाऊक नसते.

कायद्यानेही बराच काळ हाच अंधार जपला. 1882च्या सुविधाधिकार कायद्यानुसार आपल्या जमिनीखालचे पाणी उपसणे हा मालकाचा हक्क मानला गेला. महाराष्ट्राने 1993 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन आणले. मग 2009चा भूजल कायदा आला. तो लागू झाला 2014 मध्ये, आणि त्यात 60 मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना अधिसूचित क्षेत्रांत मनाई आहे. कागदावर हे नियम चांगले आहेत. बोअरची गाडी मात्र रात्री येते आणि पहाटेपर्यंत केसिंग टाकून निघून जाते.

चौकट: एका एकर उसाचे पाणी

वर्षभराच्या उसाला ढोबळमानाने 2,000 मिलिमीटर पाणी लागते. त्यातले 500 मिलिमीटर पावसाने भागले असे धरले तर 1,500 मिलिमीटर वरून द्यावे लागते. म्हणजे हेक्टरी दीड कोटी लिटर, एकरी सुमारे 60 लाख लिटर. पन्नास टाक्यांची जलदूत एका खेपेला सुमारे 25 लाख लिटर आणत होती; एका एकराला अशा जवळपास अडीच खेपा लागतील. लातूर शहराची वस्ती चार लाख आणि माणशी रोज 100 लिटर धरले तर वर्षाला सुमारे 1,460 कोटी लिटर पाणी लागते. तेवढ्यात पाटाने भिजणारा जेमतेम हजार हेक्टर ऊस निघतो. चांगल्या पावसाच्या वर्षी जिल्ह्यातला ऊस याच्या कित्येक पट असतो. ठिबकने हा आकडा बराच खाली येतो. सोयाबीन मुख्यतः पावसावरच निघते.

हात जास्त, ओढ कमी

सगळ्यांची मिळून असलेली जबाबदारी कुणाचीच का राहत नाही, यावर एका फ्रेंच शेती-अभियंत्याचा जुना प्रयोग आहे. माक्स रिंगेलमान याने माणसांना दोरी ओढायला लावली आणि जोर मोजला. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो, तेवढा तो गटात लावत नाही, आणि गट जितका मोठा तितका माणशी जोर कमी, असे त्याला आढळले. त्याचे निष्कर्ष 1913 मध्ये छापून आले. 1979 मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि ओरडणे यांवर असाच प्रयोग केला. सर्वांनी मिळून मोठ्याने ओरडायचे ठरले की एकेकाचा आवाज खाली येई. हे लोक आळशी नव्हते. विचारले असते तर त्यातल्या प्रत्येकाने शपथेवर सांगितले असते की आपण पूर्ण जोर लावला.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. दोनच वर्षांनी त्याच संशोधकांनी थोडा बदल केला. गटात ओरडतानाही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाईल, असे सहभागींना सांगितले. ही घसरण नाहीशी झाली. त्यांना कुणी उपदेश केला नव्हता, समाजाप्रती कर्तव्याचे भाषण दिले नव्हते, दंडाची धमकीही नव्हती. एकेकाचा वाटा दिसणार, एवढेच बदलले होते. माणसाने सबबी सोडून जबाबदारी घ्यावी यासाठी आपण त्याचे मन बदलायला निघतो, संस्कार कमी पडले म्हणून हळहळतो. पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. जिथे वाटा मोजला जात नाही तिथे सज्जन माणूसही सबब सांगतो, आणि जिथे तो मोजला जातो तिथे सामान्य माणूसही आपला भार उचलतो. मराठवाड्याच्या पाण्यात पावसाइतकीच टंचाई या मोजमापाची आहे, असे माझे मत आहे.

आंध्र प्रदेशात याचा पडताळा मोठ्या प्रमाणावर घेतला गेला. 2003च्या सुमारास तिथल्या सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या सहाशेहून जास्त गावांत, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने, शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायला सुरुवात केली. रब्बीच्या तोंडावर गावात बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा: जमिनीत किती मुरले, कोणते पीक घेतले तर किती लागेल. कुणावरही पिकाची सक्ती नव्हती, पाणी कमी वापरले म्हणून अनुदान नव्हते. तरीही अनेक गावांत भात कमी झाला आणि कमी पाण्याची पिके वाढली. हिवरे बाजारची वाट थोडी कडक होती. पोपटराव पवार 1989च्या सुमारास सरपंच झाले, आणि पुढे गावाने शेतीसाठी बोअर, ऊस आणि केळी यांना नकार दिला. पण तिथेही दरवर्षीचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो, आणि बंदी टिकते ती त्या ताळेबंदामुळे. आकडा सर्वांनी पाहिलेला असला की बंदी ही सरपंचाची मर्जी वाटत नाही.

नांदेडचे वरचे आणि खालचे

लातुरात बोट आभाळाकडे जाते, नांदेडात ते नदीच्या वरच्या अंगाला जाते. शहराला विष्णुपुरी प्रकल्पाचे, म्हणजे शंकर सागराचे पाणी आहे. गोदावरी दारातून वाहते. तरी टंचाई आली की नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी अडवले, ही तक्रार होते. ती निराधार नाही. म्हणूनच 2014 मध्ये राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने ठरवून दिले की पावसाळ्यानंतर गोदावरीवरच्या जायकवाडी धरणात 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचे. पण नांदेड जिल्ह्याच्याच दुसऱ्या टोकाला, धर्माबादजवळ, गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. तिथे नांदेडकर स्वतः वरचे होतात, आणि खालचे तेलंगणवाले अगदी तेच वाक्य त्यांना ऐकवतात. या बंधाऱ्यावरून मोर्चे निघाले, अटका झाल्या, दोन राज्ये कोर्टात गेली. शेवटी 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाटा आकड्यांत लिहून दिला: साठा 2.74 टीएमसी (अब्ज घनफूट), दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचे.

त्यानंतर सगळे गोडीगुलाबीने चालले असे नाही. बंधाऱ्याचा हवा तसा उपयोग होत नाही ही धर्माबाद भागातली तक्रार आजही ऐकू येते. पण ती आता तारखांबद्दल आहे, जुलैत दरवाजे उघडल्याने पाणी वाहून जाते अशी. म्हणजे ती तपासता येते, तिच्यावर वाद घालता येतो. ‘वरच्यांनी पाणी चोरले’ या वाक्यावर वाद घालता येत नव्हता. त्यावर फक्त घोषणा देता येत होत्या.

हा दुबळ्यावरच बोजा नाही का?

वाटा मोजून जबाबदारी घ्यावी, या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. शेतकऱ्याने ऊस लावला तो हौसेने नव्हे. उसाला केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर कारखान्याला द्यावाच लागतो. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी देशभर प्रसिद्ध, पण सोयाबीनला हमीभाव मिळेलच याची खात्री नसते. आवक वाढली की भाव कोसळतो. राज्यातल्या पिकाखालील जमिनीपैकी चारेक टक्क्यांवरचा ऊस सिंचनाच्या सुमारे 70 टक्के पाण्यावर हात मारतो, हे केंद्रीय कृषिमूल्य आयोगाने नोंदवलेले आहे. पण कारखान्यांना परवाने शेतकऱ्याने दिलेले नाहीत. 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्याने वीज मोफत केली. म्हणजे उपशाचे जे एक अप्रत्यक्ष मोजमाप झाले असते तेही सरकारनेच बाजूला ठेवले. अशा वेळी ‘स्वतःची जबाबदारी घ्या’ हा उपदेश दोन एकरवाल्याला करणे म्हणजे धोरणाचे पाप त्याच्या माथी मारणे नव्हे काय?

उपदेश असेल तर नक्कीच. म्हणूनच उपदेश आणि हिशेब यांत फरक केला पाहिजे. ‘आपण सगळेच जबाबदार आहोत’ हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण त्यात दोन एकरवाला आणि वीस एकरवाला एका रांगेत उभे राहतात. परवाना देणारा, उसाच्या बिलाचा धनादेश काढणारा आणि घागर घेऊन टँकरमागे धावणारी बाईही त्याच रांगेत. वाटा मोजला की ही रांग मोडते. कुणाचा किती, हे दिसू लागते, आणि बहुधा दिसते ते असे की दुबळ्याचा वाटा त्याला वाटत होता त्याहून लहान आहे. मोजमापाला सर्वांत मोठा विरोध गावातल्या सर्वांत गरीब माणसाकडून होत नाही, हे सूचक आहे. शिवाय दोष आणि जबाबदारी यांची गल्लत नको. दोष मागे बघून ठरतो: कुणामुळे झाले. जबाबदारी पुढे बघून ठरते: यंदाच्या पेरणीत कोण काय बदलू शकतो. धोरणाचा दोष पूर्णपणे मान्य करूनही, ऑक्टोबरात विहिरीत किती पाणी आहे हे बघून उन्हाळी पीक घ्यायचे की नाही, हा निर्णय मंत्रालयात होत नाही.

शहरालाही हेच लागू आहे. लातूरकर उसाकडे बोट दाखवतो, आणि चौकटीतला हिशेब पाहता त्याचे बरेच बरोबर आहे. पण अंगणातला बोअर तोही मारतो, छतावरचे पाणी गटारात सोडतो, आणि नळाला मीटर बसवायचे म्हटले की नाखूश होतो.

मीटर नसताना मोजायचे कसे

प्रत्येक बोअरला मीटर बसवणे हे आज तरी स्वप्न आहे. पण त्याची वाट बघत बसणे हीदेखील एक चांगली खरी सबब होईल. बरीचशी माहिती आधीच गोळा होते आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेतली जाते. अटल भूजल योजनेत निवडलेल्या राज्यातल्या तेरा जिल्ह्यांत लातूरचा समावेश होता, आणि योजनेतल्या गावांत पाण्याचा ताळेबंद तयार करायचा असे. अडचण एवढीच की तो ताळेबंद सबंध गावाचा असतो: पाऊस एवढा, उपसा एवढा, तूट एवढी. कणगीचा तळ दिसला, पण कुणी किती काढले ते अजून अंधारातच. रिंगेलमानच्या दोरीवर गटाचा एकूण जोर लिहून ठेवल्यासारखे हे आहे.

यापुढचे पाऊल टाकायला नवे यंत्र लागत नाही. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून आपल्या जमिनीच्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे ते नोंदवतो. उसाची नोंद कारखान्याकडेही असते, तारखेसह. कोणत्या पिकाला किती पाणी लागते हे कृषी विद्यापीठांनी सांगितलेलेच आहे. क्षेत्राला त्या आकड्याने गुणले, ठिबक असेल तर सूट धरली, की प्रत्येक गट नंबरासमोर अंदाजे लिटर लिहिता येतात. आकडा तंतोतंत नसेल. दहा-वीस टक्क्यांची चूक राहील. पण शून्य आणि साठ लाख यांतला फरक दिसायला तेवढा पुरे.

असा तक्ता ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाचला तर भांडणे होतील, असे म्हणणारे बरोबरच म्हणतात. पहिल्या वर्षी कुणी क्षेत्र कमी दाखवेल, कुणी शेजाऱ्याचा आकडा खोटा म्हणेल, सरपंचाच्या भावकीचा गट नेमका वगळला जाईल. भांडण आजही आहेच. फक्त ते मे महिन्यात टँकरपाशी होते, हंड्यांच्या रांगेत, आणि तिथे भांडणाऱ्या बायकांच्या नावावर सातबाराच नसतो. तेच भांडण सात महिने आधी, ज्यांच्या नावावर पीक आहे त्यांच्यात, हातात आकडा घेऊन झाले, तर रब्बीत ज्वारी पेरायची की खोडवा ठेवायचा हे ठरवायला अजून वेळ असतो.